भूल देण्याआधी हे सांगा: पेशंटला गाडी लागते

पुढच्या महिन्यात मावशीचं पित्ताशयाचं ऑपरेशन आहे, दुर्बिणीतून, पूर्ण भूल देऊन. दोन वर्षांपूर्वी आईचं हेच ऑपरेशन झालं तेव्हा सगळी तयारी माझ्याकडे होती आणि एक गोष्ट सांगायची राहिली, त्यापायी आईने रात्रभर भोगलं. म्हणून हे लिहितेय, ज्यांच्या घरी ऑपरेशन ठरलंय त्यांनी प्लीज वाचा.

फाइल, रिपोर्ट, मेडिक्लेमचे कागद सगळे नेतातच, सोडा.

खरी तयारी म्हणजे भूलतज्ज्ञांची तपासणी, हॉस्पिटलात पीएसी म्हणतात ती. लोक ती सही-शिक्क्यासारखी उरकतात, तसं करू नका. चालू गोळ्या पाकिटांसकट न्या, "बीपीची ती छोटी पांढरी" सांगून कुणाला काही कळत नाही. रक्त पातळ करायच्या आणि शुगरच्या गोळ्या कधी थांबवायच्या ते त्यांनाच विचारा, मनाने काही बंद करू नका, आणि लवकर विचारा कारण डापाग्लिफ्लोझिनसारखी शुगरची गोळी साधारण 3 दिवस आधी थांबवतात, आदल्या रात्री आठवून काय उपयोग. हलणारा दात, कवळी, दमा, घोरणं, सगळं सांगा.

आणि गाडी लागते हे सांगा. कुणी विचारो न विचारो.

आमची आई पसरणी घाट लागला की पदराचं टोक नाकाला लावून, मांडीवर पिशवी घेऊन बसते. आम्हाला याची इतकी सवय की ही डॉक्टरांना सांगायची गोष्ट आहे असं कधी मनातच आलं नाही. "आधी कसला त्रास?" विचारलं, मी "काही नाही" म्हणाले. संध्याकाळी वॉर्डात आणल्यावर उलट्या सुरू झाल्या त्या पहाटेपर्यंत. एका हाताने पोटावर उशी दाबून धरलेली, दुसऱ्या हातात ट्रे, प्रत्येक उमाळ्याला टाके ओढले जायचे आणि शेवटी तर नुसतं हिरवट पाणी पडत होतं. पहाटे ट्रे बदलताना सिस्टरनी विचारलं, "यांना गाडी लागते का हो?" मी हो म्हणाले आणि मला रडूच आलं.

आफेल नावाच्या डॉक्टरांनी 1999 साली यावर साधा हिशोब मांडलाय. चार गोष्टी बघायच्या: पेशंट बाई आहे का, सिगरेट ओढत नाही का (हो, न ओढणाऱ्यांना उलट्या जास्त होतात), गाडी लागते किंवा आधीच्या भुलीनंतर उलट्या झाल्यात का, आणि ऑपरेशननंतर मॉर्फिन-ट्रॅमाडॉलच्या जातीची दुखण्याची औषधं लागणार का. एकही नसेल तर उलट्या-मळमळीची शक्यता 10 टक्क्यांच्या आसपास, चारही असतील तर 80 च्या आसपास. आईच्या बाबतीत चारही होत्या. बाकीच्या तीन गोष्टी डॉक्टरांना दिसतात किंवा माहीत असतात, गाडी लागते हे फक्त घरच्यांना माहीत असतं! आधी कळलं तर त्यांच्या हातात बरंच असतं: वासाच्या गॅसऐवजी शिरेतून प्रोपोफॉल नावाच्या औषधावर भूल चालू ठेवता येते, उलटी होऊ नये म्हणून सुरुवातीलाच डेक्सामेथासोन, संपता संपता ऑनडॅन्सेट्रॉन, दुखण्यासाठी दुसरी औषधं. मावशीच्या फाइलच्या पहिल्या पानावर मी लाल पेनने "गाडी लागते" लिहिलंय आणि तरी ऑपरेशनच्या सकाळी तोंडाने परत सांगणार आहे, कारण पीएसी करणारे आणि भूल देणारे डॉक्टर वेगळे असू शकतात.

उपास. साधारण नियम असा की हलकं खाणं 6 तास आधी बंद, साधं पाणी 2 तास आधीपर्यंत, पण तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेली वेळच पाळायची. दुधाचा चहा पाण्यात धरत नाहीत, "दोन घोट घेऊ दे गं" म्हणणाऱ्या आत्या-काकूंना आधीच सांगून ठेवा, भुलीत पोटातलं फुप्फुसात गेलं तर जिवावर बेततं.

नेलपॉलिश काढा, दागिने घरी. चष्मा आणि कानाचं मशीन मात्र न्या आणि शुद्धीवर आल्या आल्या लावा, म्हाताऱ्या माणसाला दिसलं-ऐकू आलं नाही की ते जास्त गोंधळतं.

नंतर घसा खवखवला, खांदा दुखला तर घाबरू नका, खांदा ऑपरेशनसाठी पोटात भरलेल्या गॅसमुळे दुखतो. छातीत दुखलं, दम लागला तर लगेच सांगा.

"बरं वाटतंय ना?" विचारू नका, आई अशा वेळी हो-च म्हणते. भूलतज्ज्ञांकडे क्यूओआर-15 नावाची प्रश्नावली असते, 15 प्रश्न, प्रत्येकाला 10 पैकी मार्क: झोप, खाणं, स्वतःचं स्वतः आवरता येणं, मळमळ, दुखणं, मन उदास आहे का. त्यातलेच चार-पाच रोज सकाळी विचारा.

डिस्चार्ज कार्डावर भुलीचा काय त्रास झाला ते लिहून घ्या. ताप, कावीळ, वाढतं दुखणं, लगेच फोन.

घरी नेताना पुढच्या सीटवर बसवा, काच खाली, गाडी हळू. पिशवी आणि पोटाला धरायला उशी हाताशी.