घाटातला उद्याचा विजेता कसा ओळखावा

उद्या डोंगरी सायकल शर्यती जिंकेल असा पोरगा हेरायचा, तर सुरुवात टूर द लावनीर या फ्रान्समधल्या शर्यतीपासून करा. १९६१ साली सुरू झालेली ही शर्यत आता २३ वर्षांखालील सायकलपटूंची आहे. २०१७ ला ती एगान बर्नालने जिंकली, २०१८ ला तादेय पोगाचारने; पुढे दोघांनीही लगोलग, २०१९ आणि २०२० ला, टूर द फ्रान्स जिंकली. पण एवढ्यावर निकाल देऊ नका. २०१९ चा विजेता टोबियास फॉस पुढे २०२२ मध्ये जगज्जेता झाला तो टाइम ट्रायलमध्ये, म्हणजे एकट्याने घड्याळाशी लढायच्या शर्यतीत, आणि टूर द फ्रान्स दोनदा जिंकणाऱ्या योनास विंगेगार्डचे नाव लावनीरच्या विजेत्यांत नाही.

मग चढाईचा वेग काढा. घाटाची उंची भागिले लागलेले तास. फ्रान्समधल्या आल्प द्युएझ घाटाचा चढ साधारण ११०० मीटर उंचीचा. कुणी ४४ मिनिटांत चढला, तर वेग ताशी १५०० मीटर. आठ टक्क्यांच्या आसपासचे चढच निवडा. सौम्य चढावर पुढच्याच्या आडोशाने वारा चुकवता येतो आणि आकडा फसवतो.

खरी परीक्षा थकल्यावर. दिवसाचा पहिला घाट आणि चार-पाच तासांनंतरचा शेवटचा घाट, यांतला वेग ताडून पाहा. तसाच पहिला डोंगरी दिवस आणि सलग तिसरा. ताज्या पायांनी उडणारे पुष्कळ असतात. माझ्या मते निवड इथेच होते. तरुणांच्या शर्यतीत तिसरा आठवडा नसतो, म्हणून पोराची पहिली २१ टप्प्यांची, तीन आठवडे चालणारी शर्यत शेवटपर्यंत बघाच. पोगाचारची पहिली होती २०१९ ची व्हुएल्टा, म्हणजे स्पेनची तीन आठवड्यांची शर्यत. वय २०, आणि त्याने तीन टप्पे जिंकले. त्यातला तिसरा विसावा टप्पा होता, तोही डोंगरातला आणि एकट्याने सुटून. एकंदरीत तिसरा आला. पुढच्या वर्षीचे यश या एका दिवसात दिसत होते.

टाइम ट्रायल विसरू नका. २०२० च्या टूर द फ्रान्समध्ये एकंदरीत ५७ सेकंदांनी मागे असलेल्या पोगाचारने ला प्लांश दे बेल फिय या डोंगरावरच्या टाइम ट्रायलनंतर ५९ सेकंदांची आघाडी घेतली. उतारावरचा हातही पाहून घ्या.

वयापेक्षा सरावाची वर्षे विचारा. प्रिमोझ रॉग्लिच आधी स्की जंपर होता, विशी ओलांडल्यावर सायकलकडे वळला आणि २०१९ ची व्हुएल्टा जिंकली. आणि वजन घटवून आलेला वेग दिसला, तर प्रशिक्षकाला पोराच्या खाण्याबद्दल आधी विचारा. वाढत्या शरीराला उपाशी ठेवून मिळालेला घाट मोजू नका.