वेस्टफालिया आणि आधुनिक राज्याचा उगम : अभ्यास करताना या चुका टाळा

‘१६४८ च्या वेस्टफालियाच्या तहाने सार्वभौम राज्यांची आंतरराष्ट्रीय व्यवस्था जन्माला आली’ हे वाक्य राज्यशास्त्राच्या टिपणांत सर्रास आढळते. ते पाठ करायला सोपे आहे. मात्र तहाच्या कलमांशी ताडून पाहिले असता ते टिकत नाही, आणि त्याच्या आधारे लिहिलेले पुढचे विवेचनही बहुधा चुकते.

वेस्टफालिया या जर्मन प्रदेशात झालेल्या या समझोत्याने मध्य युरोपातील तीस वर्षांचे युद्ध संपले, पण मुळात हा एक तह नव्हता. २४ ऑक्टोबर १६४८ रोजी पवित्र रोमन सम्राटाने, म्हणजे जर्मन राज्यांच्या सैल साम्राज्याच्या प्रमुखाने, स्वीडनशी ओस्नाब्रुकचा आणि फ्रान्सशी म्युन्स्टरचा, असे दोन तह केले. स्पेन आणि डच प्रजासत्ताक यांचा तह त्याच वर्षी आधी झाला होता, तर फ्रान्स आणि स्पेन यांचे युद्ध १६५९ पर्यंत चालूच राहिले. त्यामुळे ‘युरोपात शांतता प्रस्थापित झाली’ असे सरसकट लिहू नये.

सर्वांत मोठी चूक या साम्राज्यातील जर्मन राजांच्या बाबतीत होते : ते १६४८ मध्ये पूर्ण सार्वभौम झाले असे लिहिले जाते. त्यांना परकीय सत्तांशी करार करण्याचा अधिकार मान्य झाला, पण ते करार सम्राट आणि साम्राज्य यांच्या विरोधात नसावेत, ही अटही त्याच कलमात आहे. साम्राज्य १८०६ पर्यंत टिकले आणि राजांविरुद्धच्या तक्रारी साम्राज्याच्या न्यायालयांत चालत राहिल्या. धर्माच्या प्रश्नात तर राजाचा अधिकार वाढण्याऐवजी आकसला. १५५५ च्या आउग्सबुर्गच्या तहाने राजाचा धर्म तोच प्रदेशाचा धर्म ठरवला होता. १६४८ मध्ये मात्र १६२४ हे प्रमाण वर्ष धरून बहुतांश प्रदेशांतील धार्मिक स्थिती गोठवण्यात आली, म्हणजे राजाने पंथ बदलला तरी प्रजेवर तो लादता येईना. शिवाय फ्रान्स आणि स्वीडन या तहांचे हमीदार झाले. ज्या तहांना आपण हस्तक्षेपबंदीचे मूळ मानतो, त्यांनीच बाहेरच्या सत्तांना साम्राज्याच्या कारभारात लक्ष घालण्यास आधार दिला, ही गोष्ट विद्यार्थ्यांना आवर्जून सांगायला हवी.

सार्वभौमत्वाची मांडणी फ्रेंच विचारवंत जाँ बोदँने १५७६ मध्येच केली होती, आणि दुसऱ्या राज्याच्या कारभारात ढवळाढवळ करू नये हे तत्त्व स्विस कायदेपंडित एमेर द व्हातेलने १७५८ मध्ये स्पष्टपणे मांडले. या दोन टोकांच्या मध्ये जे हळूहळू घडत गेले, त्याला एका तारखेत कोंबण्याचा मोह आवरावा.

हीच घाई आपल्या इतिहासाबाबतही होते. १६७४ मध्ये शिवाजी महाराजांनी राज्याभिषेक करून स्वतंत्र छत्रपतीपद धारण केले. तरीही १७१९ मध्ये मराठ्यांनी दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा मोगल दरबाराकडूनच मिळवल्या. १७८२ मध्ये इंग्रजांशी सालबाईचा तह करणाऱ्या पेशव्यांच्या नावे महादजी शिंद्यांनी दोनच वर्षांनी दिल्लीच्या बादशहाकडून वकील-ए-मुतलक (बादशहाचा सर्वाधिकारी प्रतिनिधी) हे पद घेतले. एकाच प्रदेशावर अनेकांचे हक्क असण्याची ही व्यवस्था ‘स्वतंत्र की मांडलिक’ या दोन चौकटींत बसत नाही. ती अपूर्ण राज्याची खूण समजणे हा अन्याय आहे, कारण त्याच काळातले जर्मन राजेही बऱ्याच अंशी असेच होते.

विसाव्या शतकाकडे येताना १९३३ च्या माँटेव्हिडिओ कराराचे चार निकष, म्हणजे कायम लोकसंख्या, निश्चित प्रदेश, शासन आणि इतर राज्यांशी संबंध ठेवण्याची क्षमता, मागच्या शतकांना लावू नयेत. तो अमेरिका खंडांतील राज्यांचा करार होता. संयुक्त राष्ट्रांचे सदस्यत्व आणि राज्यत्व हेही एक मानू नये. १९४५ मध्ये ब्रिटिश सत्तेखाली असतानाच भारत संस्थापक सदस्य झाला होता, आणि कित्येक शतके स्वतंत्र असलेला स्वित्झर्लंड २००२ मध्ये सदस्य झाला.