प्रिंट घेताय? आधी कडा बघा

माझं पहिलं प्रिंट म्हणजे एका तरुण चित्रकाराचं एचिंग, म्हणजे धातूच्या प्लेटवर ॲसिडने रेघा कोरून कागदावर घेतलेला ठसा. 25 ची एडिशन, म्हणजे नंबर घातलेल्या 25 प्रती, माझ्या वाट्याला 9/25, त्यातली नऊ नंबरची. घेतलं आणि त्याच आठवड्यात हौसेने जवळच्या फ्रेमवाल्याकडे टाकलं, त्याला तयार फ्रेममध्ये बसवायचं होतं म्हणून त्याने चारी बाजूंचा कोरा कागद सरळ कापला आणि वर हार्डबोर्डला गोंदाने चिकटवून दिलं, तेही माझ्यावर उपकार केल्यासारखं. नंबर, नाव, सही सगळं त्या कोऱ्या कागदावरच होतं, पेन्सिलने. चित्राला ओरखडासुद्धा नाही, पण गॅलरीत दाखवलं तर तिथल्या बाई म्हणाल्या, घरात लावा, विकायचं विसरा.

तेव्हापासून नवीन कोणी विचारलं की मी आधी कडेचंच पुराण लावते. बहुतेक वेळा डावीकडे नंबर, मधे नाव, उजवीकडे सही. 9/25 म्हणजे जगात 25 च प्रती असंही नाही हं, आर्टिस्ट प्रूफ म्हणजे ए.पी. वेगळ्या असतात, साधारण एडिशनच्या दहा टक्के, शिवाय छापणाऱ्याच्या प्रती वेगळ्या, त्यामुळे 'एकूण किती छापल्यात' हे विचारायचंच, लाजायचं नाही. आणि 1/25 साठी जास्त पैसे मोजू नका, नंबर छापल्याच्याच क्रमाने टाकतात असं काही नाही. ड्रायपॉइंट, म्हणजे ॲसिडशिवाय थेट सुईने कोरलेलं प्रिंट, मात्र अपवाद, त्यात प्लेटवर सुईने उठलेली धातूची कड प्रेसखाली दबत जाते, मग सुरुवातीच्या प्रतींतली ती मखमली रेघ पुढच्या प्रतींत उरत नाही.

आता खरा घोळ. हुसेन, रझा या मोठ्या चित्रकारांच्या नावाने बाजारात जे लिमिटेड एडिशन दिसतं त्यात सेरिग्राफ भरपूर, म्हणजे स्क्रीन प्रिंट. बऱ्याचदा आधीच्या पेंटिंगवरून स्टुडिओतल्या कारागिरांनी स्क्रीन करून छापलेलं आणि चित्रकाराने सही केलेली. सही खरी असेल तर त्यात फसवणूक काही नाही, पण कृष्णा रेड्डींसारखा प्रिंटवालाच माणूस पॅरिसला आतलिए 17 या प्रिंटच्या स्टुडिओत स्वतः प्लेट कोरून, एकाच प्लेटवर कमीजास्त घट्ट शाया मऊ-कडक रोलरने लावून जे काढायचा ते काम वेगळंच, तिथे प्रिंट हेच मूळ चित्र. दोन्हीला एकच तराजू लावू नका. आणि 'जिक्ले' ऐकून भारावू नका, चांगल्या कागदावरचं इंकजेटच ते, शब्द 1991 चा.

एक भिंग घ्या, सोनाराकडे असतं तसलं. ऑफसेटचं पोस्टर असेल तर ठिपक्यांची फुलं दिसतात, सेरिग्राफमधे सहसा रंगाचा सलग थर, एचिंगला बोट न लावता तिरप्या उजेडात धरलं की प्लेटचा दाब कागदावर उमटलेला दिसतो.

भाव काढायचा तर त्याच प्रिंटचे, त्याच एडिशनचे लिलावातले जुने आकडे शोधायचे, सॅफ्रनआर्ट या लिलाव कंपनीच्या साइटवर जुन्या लिलावांचे निकाल बघता येतात. रझांचं पेंटिंग कोटींत गेलं की लोक घरातला सेरिग्राफ काढून हिशोब मांडायला बसतात, तसं होत नसतं. शिवाय लिलावाच्या आकड्यात बहुतेकदा घेणाऱ्याने भरलेलं कमिशनही धरलेलं असतं, तुमच्या हातात त्यापेक्षा बरंच कमी पडतं. मी तर म्हणते नफ्यासाठी घेऊच नका, पटकन विकलं जात नाही हे.

राहिला पाऊस. मुंबईत बाहेरच्या भिंतीवर प्रिंट लावलं की ओल, मग तपकिरी ठिपके, नाहीतर कसर. ॲसिड-फ्री माउंट (चित्राभोवतीचा पुठ्ठा), काच कागदाला चिकटणार नाही इतकं अंतर, आणि गोंद नाही, म्हणजे नाहीच.

त्या एचिंगच्या चित्रकाराला शेवटी धीर करून फोन केला, म्हटलं मागच्या बाजूला परत सही कर ना. तो म्हणाला, मागे हार्डबोर्ड आहे ताई, सही करू कुठे?