बाण सरळ जातो, तुम्ही जाऊ नका

इंदूरहून मुलांकडे आयर्लंडला जाऊन तिथे जिओकॅशिंग (जीपीएसच्या मदतीने लपवलेल्या डब्या शोधण्याचा खेळ) करणार असाल, तर लक्षात ठेवा: फोनवरचा बाण सरळ रेषा दाखवतो, मधली दलदल दाखवत नाही. पीटच्या (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थराच्या) दलदलीतलं चमकदार हिरवं शेवाळ पाहून गवतच वाटतं, पण खाली पाणी असतं. आपल्या माळव्याची काळी माती पावसात फार तर बुटाला चिकटते. या दलदलीत पाय गुडघ्यापर्यंत रुतू शकतो. लांब पडली तरी मळलेली वाट धरा. निघण्यापूर्वी त्या डबीला दिलेली भूभागाची श्रेणी बघा, १ सोपी, ५ सर्वांत अवघड. आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या बरन भागातल्या चुनखडीच्या पठारावर खडकांत खोल भेगा आहेत, आणि ओला दगड घसरतोच. शेवटच्या पाच-दहा मीटरांत जीपीएसवर विसंबू नका, डोळ्यांनी शोधा. डबीसाठी दगड मात्र उपसू नका. त्या भेगांतच तिथली नाजूक रानफुलं वाढतात.