नाशिकमध्ये रूफटॉपवर जेवायला जाताय? या चुका टाळा

सासऱ्यांच्या पंचाहत्तरीला आम्ही गंगापूर रोडच्या बाजूला एका बड्या हॉटेलच्या गच्चीवर टेबल बुक केलं होतं. डिसेंबर महिना, वेळ रात्री साडेआठची. फोनवर मी मुद्दाम सांगितलं होतं, ‘धरणाच्या बाजूचं, कठड्याला लागून असलेलं टेबल द्या.’ ते मिळालंही. बाबा बसले, चष्मा पुसला, समोर बघितलं आणि वेटरला विचारलं, “धरण कुठंय?” त्या पोराने मोठ्या अदबीने काळोखाकडे हात केला. “तिकडे, सर. दिवसा दिसतं.”

माणशी दोन हजारांच्या वर बिल झालं आणि आम्ही दोन तास अंधाराकडे तोंड करून बसलो. पाठीमागे अख्खं नाशिक झगमगत होतं, पण ते बघायला मान वळवावी लागत होती. हॉटेलने मागितलं तेच दिलं होतं. मागायला मी चुकले होते.

मजला विचारला, दिशा विचारली नाही

‘कितव्या मजल्यावर आहे?’ हा आपला पहिला प्रश्न असतो. नाशिकमध्ये त्याआधी विचारायचं, गच्ची कुठल्या बाजूला उघडते. आपलं शहर चारही बाजूंनी सारखं उजळत नाही. पश्चिमेला ते विरत जातं. आनंदवल्ली, सोमेश्वर, मग मळे, धरण आणि त्यापलीकडे डोंगर. या बाजूची सगळी मजा सूर्य बुडेपर्यंत आणि त्यानंतर फार तर अर्धा तास. मग काळोख. पूर्वेला आणि दक्षिणेला पंचवटी, द्वारका, मुंबई नाका, इंदिरानगर, नाशिक रोड. ही बाजू दिवसा नुसत्या पाण्याच्या टाक्या आणि पत्रे, पण दिवे लागले की तिचा नूर पालटतो. उड्डाणपुलावरून सरकणारी गाड्यांची रांग रात्री वरून फार छान दिसते. (पुलाच्या अगदी शेजारची गच्ची मात्र नको. तिथे ट्रकचे हॉर्न जेवणात कालवून खावे लागतात.)

म्हणजे पश्चिमेचं टेबल उजेडी आणि शहराच्या बाजूचं टेबल अंधारल्यावर. आम्ही नेमकं उलट केलं.

यात अजून एक मेख आहे. सूर्य वर्षभर एकाच जागी मावळत नाही. कॉलेज रोडच्या आसपासच्या गच्चीवरून बघाल तर मे-जूनमध्ये तो वायव्येकडे झुकलेला, साधारण गंगापूर धरणाच्या अंगाला जातो. डिसेंबर-जानेवारीत तो नैर्ऋत्येकडे सरकतो, अंजनेरीच्या रांगेकडे. त्यामुळे मे महिन्यात कुणीतरी काढलेला ‘पाण्यावरचा सूर्यास्त’ बघून डिसेंबरचं बुकिंग केलंत, तर तो सूर्य तुमच्या टेबलावरून दिसेलच असं नाही. शेजारच्या इमारतीआडही गेलेला असेल.

वेळेचंही तसंच. नोव्हेंबरच्या शेवटी नाशिकला सूर्य सहा वाजायच्या आतच मावळतो, मार्चमध्ये पावणेसातच्या सुमारास, मेच्या मध्यावर सातला आणि जूनअखेर सव्वासातला. बऱ्याच गच्च्या सात किंवा साडेसातला उघडतात. हिवाळ्यात तिथे ‘सनसेट डिनर’ म्हणजे नुसतं मेन्यूवरचं नाव. मावळतीसाठीच जायचं असेल तर मार्च ते मे हा काळ धरा, सूर्यास्ताच्या चाळीसेक मिनिटं आधी टेबलावर बसा आणि ‘गच्ची किती वाजता उघडते, जेवणाची ऑर्डर किती वाजता घेता’ हे दोन्ही वेगवेगळं विचारा. मेमध्ये एक त्रास होतो. दिवसभर तापलेली फरशी सात वाजताही पायाला ऊब देत असते. लाकडी फळ्यांची किंवा हिरवळ लावलेली गच्ची असेल तर बरं.

दोन्ही हवं असेल, मावळतही आणि दिवेही, तर हिवाळ्यात नैर्ऋत्य कोपऱ्यातलं टेबल मागावं. एका हाताला उरलासुरला तांबूस उजेड, दुसऱ्या हाताला उजळत जाणारं शहर, आणि दक्षिणेकडे मोकळं असेल तर पांडवलेणीच्या डोंगराची काळी आकृती. फोनवरच्या माणसाला ‘नैर्ऋत्य’ म्हणून कळलं नाही तर ‘त्र्यंबक आणि पाथर्डी फाटा यांच्या मधली बाजू’ म्हणा. लगेच कळतं.

उभं राहून काढलेल्या फोटोवर विश्वास ठेवला

हॉटेलच्या पानावरचा फोटो ड्रोनने काढलेला असतो, नाहीतर कठड्याला टेकून. आपण जेवतो खुर्चीत बसून. कठडा विटांचा आणि छातीएवढा असेल, तर बसल्यावर समोर दिसतो तो कठडा आणि त्यावर ठेवलेल्या कुंड्या. शहर दिसायला उठून उभं राहायचं, मग परत बसायचं. हे मी एका ठिकाणी चार वेळा केलं आणि नंतर नाद सोडला.

काचेचा कठडा चांगला, पण त्यामागे झगझगीत दिवे असतील तर रात्री काचेत आपलंच टेबल दिसतं. उंच स्टुलांची टेबलं असतील तर दृश्य उत्तम मिळतं. तरुण मंडळींसाठी ठीक, आई-बाबांना मात्र त्यावर बसवू नका.

शिवाय नाशिक भराभर उंच होतंय. दोन वर्षांपूर्वीच्या फोटोत मोकळं दिसणारं आकाश आज कुणाच्या तरी बाराव्या मजल्याने झाकलेलं असू शकतं. म्हणून नकाशावरचे ग्राहकांचे फोटो ‘सर्वांत नवे’ लावून बघा आणि त्यातले बसून काढलेले शोधा. फोनवर ‘व्ह्यू कसा आहे?’ विचाराल तर ‘एकदम मस्त’ हेच उत्तर मिळणार. त्याऐवजी विचारा, ‘खुर्चीत बसल्यावर समोर काय दिसतं?’ पलीकडचा माणूस दोन क्षण गप्प झाला, तर काय ते समजा.

लिफ्ट कुठवर जाते, हे गृहीत धरलं

त्याच पंचाहत्तरीच्या रात्रीची गोष्ट. लिफ्ट होती, चकचकीत होती, पण ती गच्चीच्या एक मजला खालीच थांबली. पुढे लोखंडी जिना. सासूबाईंच्या गुडघ्यांना पायरी म्हणजे परीक्षा. त्या कठड्याला धरून एकेक पायरी चढल्या, वर येऊन म्हणाल्या, “आता उतरायचं उद्या सकाळीच.” आम्ही हसलो. अर्ध्या तासाने त्यांना बाथरूमला जायचं होतं आणि ते होतं खालच्या मजल्यावर. मग कुणी हसलं नाही.

गच्चीवर नंतर उभारलेल्या हॉटेलांत हे नेहमी आढळतं, कारण इमारतीची लिफ्ट शेवटच्या राहत्या मजल्यापुरतीच बांधलेली असते. ज्येष्ठ मंडळी, गरोदर बाई किंवा लहान मुलांची गाडी सोबत असेल तर तीन गोष्टी विचारा. लिफ्ट गच्चीवर उघडते का, नसेल तर पायऱ्या किती, आणि स्वच्छतागृह त्याच मजल्यावर आहे का. आणि आयत्या वेळी फजिती झालीच तर वर जाण्याचा हट्ट सोडा. बहुतेक ठिकाणी खाली बंदिस्त विभाग असतो आणि स्वयंपाकघर तेच असतं. खिडकीजवळचं टेबल मागून घ्यावं.

हवा विसरून ऑर्डर दिली

उघड्यावर अन्न भराभर निवतं, आणि नाशिकच्या थंडीत तर विचारूच नका. डिसेंबर-जानेवारीत पारा कितीदा दहाच्या खाली जातो. तंदुरी रोटी टेबलावर येईपर्यंत चामड्यासारखी होते. एकदम आठ रोट्या मागवू नका, दोन-दोन करून मागवा. सिझलर, हंडीत येणारी भाजी, सूप ही उघड्यावरची माणसं. मसाला पापड मात्र दवाने पाच मिनिटांत मऊ पडतो. रात्री नऊनंतर गाद्याही दमट लागतात. शाल सोबत ठेवा, आणि शेगडी किंवा हीटर तुमच्या टेबलाजवळ असेल की फक्त फोटोत आहे, तेही विचारून घ्या.

वाइनचं वेगळं. नाशिकला येऊन पाहुणे ती मागणारच. पण मेच्या संध्याकाळी पांढऱ्या वाइनची बाटली उघड्यावर भराभर कोमट होते. बर्फाची बादली आधीच मागा, आणि दोघंच पिणार असाल तर बाटलीऐवजी ग्लास परवडतो. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर हे ड्राय डे, आणि निवडणूक असेल तर मतदान संपण्याआधीचे ४८ तासही. पुण्या-मुंबईचे पाहुणे नेमके जोडून सुट्टी बघून याच तारखांना येतात.

पावसाळ्यात गच्ची म्हणजे जुगार. सरी आल्या की चारही बाजूंनी प्लॅस्टिकचे पडदे सोडतात आणि तुम्ही तंबूत जेवता. बुकिंग करताना एवढंच ठरवून घ्या की पाऊस आला तर आतलं टेबल नक्की मिळेल का आणि आगाऊ भरलेले पैसे बिलात वळते होतील का. हे व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्यावं. तोंडी आश्वासन देणारा माणूस त्या रात्री नेमका सुट्टीवर असतो. आणि जूनच्या पहिल्या पावसानंतरच्या दोन-चार रात्री गच्ची टाळाच. पंख फुटलेली वाळवी दिव्यांवर झेपावते आणि तिथून थेट डाळीत.

बिल शेवटी वाचलं

मोठ्या हॉटेलच्या गच्चीवर आणि स्वतंत्र रेस्टॉरंटच्या गच्चीवर तोच पदार्थ त्याच किमतीला असला तरी बिल वेगळं येऊ शकतं. साध्या रेस्टॉरंटमध्ये जीएसटी ५ टक्के. खोलीचं भाडं दिवसाला ७,५०० रुपयांच्या वर असलेल्या हॉटेलातल्या रेस्टॉरंटला १८ टक्के. चार हजारांच्या जेवणावर एकीकडे २०० रुपये, दुसरीकडे ७२०. दारूवर जीएसटी नसतो, व्हॅट असतो, म्हणून ती वेगळ्या ओळीत दिसते. त्यात फसवणूक नाही.

सेवाशुल्काचं मात्र लक्षात ठेवा. ते बिलात आपोआप लावू नये, अशी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वं जुलै २०२२ मध्ये आली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती उचलून धरली. बिलात १० टक्के दिसले आणि द्यायचे नसतील तर आवाज न चढवता मॅनेजरला ‘हे काढून नवं बिल द्या’ म्हणा. बहुतेक वेळा काढतात. नाहीच काढले तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. आणि ज्या पोराने तुमचा केक सांभाळून वर आणला, त्याच्या हातात स्वतंत्रपणे काहीतरी ठेवा.

बुकिंगच्याच वेळी विचारायचे अजून दोन खर्च म्हणजे किमान बिलाची अट आणि बाहेरचा केक आणल्यास लागणारे पैसे. कॉलेज रोडला पार्किंगचं काय, हे नाशिककरांना सांगायला नको. रिक्षाने जा.

बाहेर पडायचा रस्ता पाहिला नाही

हे लिहिताना थोडं अवघडल्यासारखं होतं, कारण मजेला निघालेल्या माणसाला कुणी आगीचं सांगू नये. पण २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर मुंबईत कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या हॉटेलला आग लागली आणि १४ जण गेले. बरेचसे स्वच्छतागृहाकडे पळाले आणि तिथे धुराने गुदमरले. तेव्हापासून मी वर गेल्यावर आधी दुसरा जिना शोधते. तो नसेल, त्यात खुर्च्यांची चवड लावलेली असेल किंवा दाराला कुलूप असेल, वर बांबू-ताडपत्रीचं छप्पर आणि त्याखाली शेगड्या, तर दृश्य कितीही सुंदर असो, मी खाली उतरते. घरचे वैतागतात. वैतागू देत.

गाणी आणि गप्पा एकत्र धरल्या

शनिवारी रात्री गच्चीवर डीजे असेल तर आत्याशी बोलायला तिच्या कानात ओरडावं लागतं. घरच्या मंडळींसोबत मंगळवार ते गुरुवार बरे. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक लावायला बंदी आहे. वर्षातले काही ठरावीक सणाचे दिवस सोडले तर कायदा स्पष्ट आहे. त्यामुळे उशिरा जेवणाऱ्यांना शांतता मिळायला हवी. मिळाली नाही तर दहा वाजून पाच मिनिटांनी मॅनेजरला घड्याळ दाखवायला हरकत नाही.

तिथीही बघून घ्या. कोजागरीला चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास पूर्वेला उगवतो. त्या दिवशी सगळे सवयीने पश्चिमेचं टेबल मागतात, तुम्ही पंचवटीच्या बाजूचं मागा. संकष्टीला घरात कुणाचा उपास असेल तर तेच टेबल चंद्रोदयाला कामी येतं. ताट समोर आणि चंद्रही समोर.

बाबांना आम्ही पुन्हा नेलं, गेल्या मे महिन्यात. दुसरी गच्ची, लिफ्ट थेट वरपर्यंत, कठडा काचेचा, वेळ सव्वासहाची. सूर्य धरणाच्या अंगाला अगदी शिस्तीत मावळला. मी म्हटलं, “बाबा, बघा ना.” ते पाठमोरे उभे होते. सातपूरच्या दिशेने हात करून नातवाला सांगत होते, ती निळी टाकी दिसते का, तिच्या डावीकडे आमची कंपनी.