कॉम्प्युटरसाठी टीव्ही ट्यूनर कार्ड घेताना काय बघायचं

सगळ्यात आधी बघा तुमच्याकडे हवेतून येणारं सिग्नल कुठल्या स्टँडर्डचं आहे, अमेरिकेत एटीएससी, युरोपात डीव्हीबी-टी किंवा टी२, जपान-ब्राझीलमध्ये आयएसडीबी-टी, हे जुळलं नाही तर कार्ड कितीही भारी असो उपयोग शून्य. आणि डीव्हीबी-टी वालं कार्ड टी२ पकडत नाही, खोक्यावर नुसतं 'डिजिटल' लिहिलंय म्हणून घेऊ नका. जुनी ॲनालॉग कार्डं स्वस्तात मिळतात, ती सरळ सोडून द्या.

डिजिटलमध्ये व्हिडिओ आधीच कॉम्प्रेस होऊन येतो, कार्ड फक्त तो स्ट्रीम पकडून डिस्कवर टाकतं, त्यामुळे 'हार्डवेअर एन्कोडर'साठी (कार्डावरची व्हिडिओ कॉम्प्रेस करणारी चिप) जास्तीचे पैसे देण्यात अर्थ नाही. जागा मात्र लागते, एटीएससीचा पूर्ण चॅनल सेकंदाला १९.३९ मेगाबिटचा, म्हणजे तासाला साधारण पावणेनऊ जीबी.

एक बघत दुसरं रेकॉर्ड करायचं असेल तर ड्युअल ट्यूनरच घ्या. कार्ड बसवायचा मदरबोर्डवरचा स्लॉट पीसीआय आहे की पीसीआय एक्सप्रेस ते केस उघडून बघा, लॅपटॉप असेल तर यूएसबी. लिनक्सवाल्यांनी आधी ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) शोधावा, मग कार्ड, कारण एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या रिव्हिजनमध्ये चिप बदललेली असते. आणि हो, अँटेना बरोबर नसेल तर कार्डाला शिव्या देऊ नका :)