पीओईवर अ‍ॅक्सेस पॉइंट चालवताना या चुका टाळा

पीओई म्हणजे नेटवर्कच्या केबलमधूनच उपकरणाला वीज देण्याची पद्धत. तिच्यावर वाय-फाय पुरवणाऱ्या अ‍ॅक्सेस पॉइंटचा दिवा लागतो, वाय-फायचे नाव फोनवर दिसते आणि बसवणारा निर्धास्त होतो. पण पंधरा-वीस जण एकदम जोडले गेले, की तेच उपकरण बंद पडून पुन्हा सुरू होते. अशा वेळी फर्मवेअरला, म्हणजे उपकरणातील सॉफ्टवेअरला, दोष देण्याआधी विजेचा हिशेब करावा. पीओईच्या २००३ च्या ८०२.३ एएफ मानकानुसार स्विचचा (अनेक उपकरणे केबलने जोडणाऱ्या पेटीचा) पोर्ट १५.४ वॅट देतो, मात्र केबलमधील घट धरून उपकरणाला हमखास मिळतात ते १२.९५ वॅटच. २००९ च्या ८०२.३ एटी मानकात हेच आकडे ३० आणि २५.५ आहेत. एटी लागणारी काही मॉडेल्स एएफ पोर्टवर एखादा रेडिओ बंद ठेवून किंवा त्याची शक्ती कमी करून निमूटपणे चालत राहतात. ही तक्रार सर्वांत फसवी, कारण बिघडलेले काहीच दिसत नाही, फक्त वेग मिळत नाही.

स्विचवरील पोर्ट मोजून खरेदी करणे हीदेखील नेहमीची चूक आहे. आठ पोर्टांच्या स्विचचे एकूण पीओई बजेट, म्हणजे सर्व पोर्टांना मिळून देता येणारी वीज, ६० वॅट असेल, तर प्रत्येकी १२ वॅट ओढणारी पाच उपकरणे लागताच ते संपते.

खरा धोका पॅसिव्ह पीओईत आहे. मानक स्विच आधी अगदी कमी व्होल्टेज देऊन समोर सुमारे २५ किलोओहमचा रोध आहे का, हे तपासतो आणि मगच पूर्ण व्होल्टेज सोडतो. पॅसिव्ह इंजेक्टर, म्हणजे केबलमध्ये वीज सोडणारी छोटी पेटी, काही विचारत नाही. तो बहुधा केबलच्या आठ तारांपैकी ४-५ आणि ७-८ या तारांवर सतत वीज ठेवतो. त्यामुळे २४ व्होल्टचे पॅसिव्ह उपकरण मानक स्विचवर सुरू होत नाही एवढेच, पण ४८ व्होल्टच्या पॅसिव्ह इंजेक्टरला लावले तर जळू शकते. इंजेक्टरवरचे लॅन आणि पीओई हे दोन पोर्ट शेजारी आणि दिसायला सारखेच असतात. घाईत केबलींची अदलाबदल झाली, की वीज थेट राउटरकडे जाते.

केबलच्या लांबीचा फटकाही २४ व्होल्टलाच जास्त बसतो. नेहमीच्या तांब्याच्या कॅट ५ई केबलमधून १०० मीटरवर १२ वॅट न्यायचे, तर तारांच्या दोन जोड्यांवर २४ व्होल्टचे जेमतेम साडेअठरा उरतात. ४८ व्होल्टचे मात्र जवळपास ४६ टिकतात. तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या स्वस्त केबलमध्ये ही घट आणखी वाढते, म्हणून पीओईसाठी ती माझ्या मते घेऊच नये. केबलचा संशय असेल, तर अ‍ॅक्सेस पॉइंट खाली उतरवून दोन मीटरच्या चांगल्या केबलने त्याच पोर्टला जोडावा आणि त्यावर तितकाच भार टाकावा. आता तो टिकला, तर दोष भिंतीतल्या केबलचा किंवा तिच्या टोकांचा आहे. तरीही बंद पडला, तर पोर्टाची क्षमता आणि उपकरणाच्या लेबलवरील वॅट पुन्हा ताडून पाहावेत.